गेला, एवढंच म्हणालो

ही हकीकत सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, की आता सांगायला बसल्यावर कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. बायको असेपर्यंत तिलाही सांगितली नाही. मुलाला सांगायचा प्रश्नच नव्हता, तो हसला असता. पण मागच्या महिन्यात याच पुरवणीत हसनवर चार ओळी आल्या. श्रीवर्धनजवळच्या एका गावचा फ्रिज दुरुस्त करणारा माणूस, सौदीत असताना तिथल्या एका पांढऱ्या अस्वलाला त्याने परत बर्फाच्या मुलखात पाठवायला लावलं, शाळाशाळांतून मुलांना ही गोष्ट सांगितली, असं त्यात होतं. ज्याने लिहिलं त्याचा दोष नाही. गावात विचाराल तो हेच सांगेल. हसन स्वतःही शेवटपर्यंत हेच सांगत होता. चूक त्या ओळींत नाही, माझ्यात आहे. ते अस्वल कुठेही गेलं नव्हतं.

हसन वारल्याचं मला त्याच्या मुलीने, शबनमने कळवलं. मी रियाधमध्ये, अल मलाझला मुलाच्या घरी असतो. फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. ती म्हणाली, "काका, अब्बा गेले." आणि मी विचारलं, "कुठे?"

ती पुन्हा म्हणाली, "अब्बा गेले, काका." तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. मला नीट ऐकू आलं होतं. तरी 'कुठे' हाच शब्द तोंडातून निघाला, आणि निघता निघताच लक्षात आलं की हा शब्द माझा नाही, हसनचा आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्याने मला तो याच वस्तीत विचारला होता, आणि तेव्हा मी त्याला खरं उत्तर दिलं नव्हतं.

आम्ही दोघे एका कंत्राटी कंपनीत होतो. कंपनी मोठमोठ्या कूलिंगच्या यंत्रांची देखभाल करायची. अल खर्जकडच्या डेअऱ्यांची दुधाची गोदामं, मांसाचे कोल्डरूम, असली कामं. मी फोरमन होतो, तो फिटर. आला त्या दिवशी मला 'साहेब' म्हणाला. मी चिपळूणचा आहे असं कळल्यावर म्हणाला, "मग साहेब कसला? शेट!" तेव्हापासून मी शेट आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं. तो माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, अंगाने काटकुळा, बोलायला मात्र आम्ही कामगार राहायचो त्या सगळ्या कॅम्पला पुरणारा. 'मला'ला 'मना' म्हणायचा, 'तुला'ला 'तुना'. मी सुरुवातीला चिडवायचो, नंतर माझ्याच तोंडात ते बसलं.

शहराबाहेर अल खर्जच्या रस्त्यावर तेव्हा एक करमणुकीची बाग होती. आता नाही, तिथे गोदामं उभी आहेत. पाळणे, घसरगुंड्या, आणि मागच्या बाजूला थोडे प्राणी. एक दिवस बागेच्या व्यवस्थापकाचा फोन आला की 'दुब्ब'च्या खोलीतलं कूलिंग बंद आहे, माणूस पाठवा. हसनला नवीन नवीन अरबी येऊ लागलं होतं आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. वाळवंटात घोरपडीसारखा एक जाड शेपटीचा सरडा असतो, तिथले भटके बदू लोक तो खातात, त्याला 'धब्ब' म्हणतात, हे त्याला कुणीतरी नुकतंच सांगितलं होतं. तो हत्यारांची पेटी उचलत म्हणाला, "या मुलखात घोरपडीलापन एसी लागतां, शेट! आणि आपला कॅम्पचा एसी कवा दुरुस्त होणार?" पायात चपला, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, असा गेला.

संध्याकाळी परत आला तो दात वाजवत. "घोरपड नाय शेट. डोंगर हय. पांढरा डोंगर. माझ्याकडं बघून जांभई दिली त्यानं." अरबीत 'दुब्ब' म्हणजे अस्वल, हे त्याला काचेच्या पलीकडे तो डोंगर उठून उभा राहिल्यावर कळलं होतं. आम्ही कॅम्पमध्ये पोट धरून हसलो. पुढे कितीतरी दिवस कुणी जेवायला बसलं की दुसरा विचारायचा, "हसन, आज भाजी कसली, घोरपडीची?"

त्या अस्वलाचं नाव बागेने काहीतरी रुबाबदार ठेवलं होतं, आठवत नाही. हसनने त्याचं नाव 'खोत' ठेवलं. म्हणाला, "दिवसभर लोळतां, सगळा गाव याच्यासाठी राबतां, वर आपल्याकडं असा बघतां जसा आपन त्याचा सारा बुडवलाय. आमच्या गावचा जुना खोत असाच होता असां माझा बाप सांगायचा." बागेत इद्रिस नावाचा सुदानी रखवालदार होता, तोही थोड्या दिवसांत 'खूत, खूत' म्हणू लागला. खोताच्या डाव्या कानाला एक खाच होती, कुणीतरी चिमटीने तुकडा काढावा तशी. तो म्हातारा होता. जन्म कुठल्यातरी प्राणिसंग्रहालयातच झालेला. बर्फाचा समुद्र त्याने कधी पाहिलेला नव्हता. हे मला इद्रिसने सांगितलं होतं. मी ते हसनला सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. या एका गोष्टीवर मी आता फार विचार करतो.

खोली म्हणजे काय, एक मोठा कोल्डरूम. एका भिंतीला काच, आत निळा रंग दिलेला सिमेंटचा बर्फ आणि एक टाकी. खोत भिंतीच्या कडेने जायचा, कोपऱ्यात मान झुलवायचा, परत यायचा. परत जायचा. सिमेंटवर त्याच्या चालण्याची एक गुळगुळीत पायवाट पडली होती. बाहेर मुलं काचेवर हात आपटायची आणि आया त्यांचे फोटो काढायच्या. हसनला ते पाहवत नसे. कामाची पाळी नसली तरी जायचा. तुपाच्या रिकाम्या डब्यांत पाणी आणि बांगडे घालून आमच्या कंपनीच्या फ्रीझरमध्ये गोठवायचा, आणि डबा उपडा करून ती लादी खोताला द्यायचा. "खोताची कुल्फी" म्हणायचा तिला. खोत पंजाने लादी टाकीत ढकलायचा, मागे उडी घ्यायचा आणि त्या वेळेपुरता मान झुलवणं विसरायचा. खोटं कशाला बोलू, मीही दोन-तीनदा ती कुल्फी बघायला गेलो होतो.

हसनच्या डोक्यात तेव्हाच ते बसलं. याला याच्या मुलखात पाठवायला पाहिजे. व्यवस्थापकाला सांगायचा, इद्रिसला सांगायचा, मालकाची गाडी दिसली तर गाडीला आडवा जायचा. त्याचं अरबी म्हणजे अर्धं हातवाऱ्यांचं. "दुब्ब... बैत... सल्ज!" अस्वल, घर, बर्फ. व्यवस्थापक हसून "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हणायचा. मला हसन म्हणायचा, "तूपन एकदा बोल ना शेट, तुझां ऐकतील." मी म्हणायचो, "आपलं काम मशीन चालू ठेवायचं. अस्वल कुठे ठेवायचं ते त्यांचं."

आमच्या धंद्यातली एक गोष्ट इथे सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. थंडी बनवता येत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकायची, एवढंच यंत्र करतं. ती टाकण्यासाठी गच्चीवर कंडेन्सर असतो, पातळ पत्र्यांची जाळी. धुळीचं वादळ आलं की ती जाळी बुजते, उष्णता बाहेर पडत नाही, प्रेशर वाढतं आणि यंत्र स्वतःला वाचवायला बंद पडतं. मग कुणीतरी गच्चीवर जाऊन जाळी पाण्याने धुवायची आणि बटण हाताने दाबायचं. दाबल्याशिवाय ते आपणहून चालू होत नाही. हे हसनला मीच शिकवलं. "गरमी नाहीशी होत नाही रे, फक्त दुसऱ्याच्या दारात टाकायची," असं मी मोठ्या ऐटीत म्हणायचो.

त्या वर्षी ईदला हसन घरी गेला. शबनम तेव्हा चालायला लागली होती. जाताना त्याने मला आपली तपकिरी लोकरीची कानटोपी दिली, त्याच्या बायकोने विणलेली. "खोताकडं जाशील तवा घाल, नायतर कान धरतात. आणि शेट, धूळ आली तर त्याच दिवशी धू. दुसऱ्यावर टाकू नको." मी म्हणालो, "फोरमन कोण, तू का मी?"

ईदच्या सुट्टीत माझे दोन मित्र यान्बूहून बोलवत होते. तिथे समुद्र होता, ताजी सुरमई मिळायची. वर्ष वर्ष वाळवंटात काढलेल्या कोकणी माणसाला ताजी सुरमई म्हणजे काय, ते मी सांगायला नको. मी विमानाने गेलो. खोताच्या खोलीच्या गच्चीवर ते बटण ज्या कुलूपबंद पेटीत होतं, तिची किल्ली माझ्या खिशातच राहिली. मुद्दाम नव्हे. पण राहिली आहे हे मला तिथे पोचल्याबरोबर कळलं होतं, तेव्हा 'विसरलो' असंही म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी रियाधला धूळ आली. दुपारी इद्रिसचा फोन आला, "हार, हार. खूत हार." गरम होतंय. आम्ही जेवायला बसलो होतो, परातीत तळलेल्या तुकड्या होत्या. मी म्हणालो, "बुकरा." उद्या. इद्रिस आणखी काहीतरी बोलत होता, मी "बुकरा, बुकरा, खलास" म्हणून फोन ठेवला. मनात असतं तर कॅम्पमधल्या एखाद्या मुलाला कुलूप तोडायला सांगता आलं असतं. नंतर मीच कितीतरी कुलपं तोडायला सांगितली आहेत, दुधासाठी, मांसासाठी. त्या दिवशी मात्र सुट्टी आहे, पोरं झोपली असतील, असंच मनात आलं. दुसऱ्या दिवशी विमानात जागा नव्हती. मी तिसऱ्या दिवशी पोचलो.

खोत दाराखालच्या फटीला नाक लावून पडला होता. टाकीतलं पाणी कोमट होतं. इद्रिसने कुठून कुठून बर्फाच्या पिशव्या आणून टाकीत टाकल्या होत्या, त्यांची रिकामी प्लास्टिकं पाण्यावर तरंगत होती. मी गच्चीवर जाऊन जाळी धुतली, बटण दाबलं. यंत्र चालू झालं. संध्याकाळपर्यंत खोत उठून उभाही राहिला. मला इतकं हलकं वाटलं की मी इद्रिसला खांद्यावर थोपटलं. त्याने माझा हात बाजूला केला.

खोत त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मेला. डॉक्टरांनी वयाने मेला असं सांगितलं. म्हातारा तर तो होताच. त्या तीन दिवसांनी मेला का वयाने मेला, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. कधी वाटतं, मी उगीच स्वतःला खातोय. कधी वाटतं, 'वय' हा शब्द डॉक्टरांनी मला दिला आणि मी तो झटकन खिशात टाकला, त्या किल्लीसारखा.

हसन परतला तो पिशवी हातात घेऊनच ऑफिसात आला. मलाझच्या त्या जुन्या ऑफिसचा जिना चढताना त्याचा आवाज आधी आला, मग वास. घरून सुक्या मांदेलीचं पुडकं आणलं होतं. "खोताला. त्याला म्हणावं, कुल्फी खाऊन कंटाळला असशील, आता कोकणातला चाख." मग माझ्याकडे बघून विचारलं, "कसा हय खोत?"

मी म्हणालो, "गेला."

देवाशपथ सांगतो, मला 'मेला' असंच म्हणायचं होतं. आपण माणसाबद्दल असंच म्हणतो ना. पण हसनच्या तोंडावर आधी काहीच आलं नाही आणि मग हळूहळू हसू यायला लागलं. "गेला? कुठं?"

तिथे मी क्षणभर थांबलो. त्या थांबण्याचा विचार मी इतक्यांदा केला आहे की त्यात खरोखर काय झालं हे आता सांगता येत नाही. त्याचं मन मोडू नये असं वाटलं, हे खरं आहे. पण 'मेला' म्हटलं की पुढचा प्रश्न 'कसा?' आणि त्याच्या पुढचा 'धूळ आली होती का? कुणी धुतली?' हा असणार, हेही मला दिसत होतं. त्या चार ओळींच्या लेखात माझं नाव नाही. असतं तर 'मित्राने ही आनंदाची बातमी दिली' असं छापून आलं असतं. म्हणून स्वच्छ लिहितो : मी दयेने खोटं बोललो नाही. दया होती, पण ती मागे उभी होती. पुढे भीती होती. मी म्हणालो, "तिकडेच. थंडीत. त्याच्या मुलखात पाठवला. विमानाने."

हसन खुर्चीत बसला. मग उठला. मग मला मिठी मारली. "माझां ऐकलां त्यानी, शेट! माझां ऐकलां!" त्या संध्याकाळी त्याने ती मांदेली भाजून सगळ्या कॅम्पला वाटली. मीही खाल्ली. इद्रिस तोवर नोकरी सोडून जिद्दाला गेला होता. बागेत ज्यांना ठाऊक होतं त्यांनी हसनचा आनंद पाहिला आणि माझ्याकडे पाहून खांदे उडवले. त्याने कानटोपी परत मागितली नाही. "ठेव तुना आता. तिकडं जाशील कवा तर," म्हणून हसला.

पुढे तो कायमचा घरी गेला. श्रीवर्धनला फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं. गावातली मुलं त्याला 'अस्वलवाला चाचा' म्हणत. पर्यावरण दिनाला शाळा त्याला बोलवायची, तो 'दुब्ब' आणि घोरपडीच्या गमतीपासून सुरुवात करायचा आणि विमानापाशी संपवायचा. विमानात खोताला बसवायला काय काय केलं, याचे तपशील दरवर्षी वाढत गेले. मी एकदा सुट्टीवर असताना ते भाषण ऐकलं. मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवल्या. त्याचं काय बिघडतंय, असं मी स्वतःला समजावत असे. माणसाला सांगायला एक चांगली गोष्ट मिळाली, खोत बिचारा तर मेलेलाच आहे. असं चाललं असतं तर मीही ही गोष्ट बरोबर घेऊन गेलो असतो.

पण मग ज्याच्या त्याच्या हातात व्हिडिओवाले मोबाइल आले आणि बर्फ वितळायच्या बातम्या यायला लागल्या.

पहिला व्हिडिओ त्याने मला कधी पाठवला ते आठवत नाही. बर्फाच्या एका तुकड्यावर उभं असलेलं अस्वल, आजूबाजूला काळं पाणी. खाली त्याचा आवाज, "शेट, हा खोत तर नाय ना? कान बघ." मला हसूच आलं. मी कळवलं, "नाही रे, हा नाही." ते खरंच होतं. मग दुसरा आला, तिसरा आला. आठवड्याला एक तरी. हाडं दिसणारं अस्वल, कुठल्याशा गावात कचऱ्याच्या डब्यात तोंड घातलेलं अस्वल, बर्फ नाही म्हणून किनाऱ्यावर एकमेकांच्या अंगावर चढून दाटीवाटीने पडलेले वॉलरस. त्याने ते सगळं समजून घेतलं होतं, मुलीकडून वाचून घेतलं होतं. बर्फ असेल तरच अस्वलाला सील मिळतो, फटीपाशी दबा धरून. बर्फ उशिरा आला नि लवकर गेला की त्याचा उपास लांबतो. सीलची पिल्लं बर्फाच्या बिळात वाढतात, ते बीळ आधीच ढासळलं तर पिल्लू उघड्यावर पडतं. हे तो मला फोनवर सांगायचा, जसं कुणी गावाकडच्या भावकीची खबर सांगतं. आणि शेवटी म्हणायचा, "इथं निदान खोली होती. टाकी होती. मीच त्याला तिकडं पाठवला, शेट. माझ्याच तोंडानं मागितलां."

एकदा म्हणाला, "तू शिकवलंस ना, गरमी नाहीशी होत नाय, दुसऱ्याच्या दारात टाकायची. आपन येवढी वर्षां टाकली. कुणाच्या दारात टाकली?"

मी त्याला समजावलं की तसं सरळ नसतं. गच्चीवरची उष्णता काही ध्रुवावर जात नाही; वीज तयार करायला तेल जळतं, त्याचा धूर साठतो, आपण जुनी मशीनं दुरुस्त करताना हवेत सोडलेला गॅस साठतो, त्याने सगळ्याच पृथ्वीची जाळी बुजल्यासारखी होते... बोलता बोलता मीच थांबलो. तो म्हणाला, "म्हंजे तेच ना?" शबनम सांगते, घरात कुणी फ्रिजचं दार उघडं ठेवून विचार करत उभं राहिलं तर तो ओरडायचा, "लाव ते दार! तिकडं खोताच्या पायाखालची लादी वितळतां!" घरची हसायची. तो हसायचा नाही.

आता बघा, मी काय केलं. एका वाक्यात त्याची सुटका होती. 'हसन, खोत तिकडे नाही, तो उपाशी नाही, तो बुडत नाही, तो केव्हाच मेला.' यात त्याचं दुःख होतं, पण ते एकदाचं होतं. त्याऐवजी मी त्याला वर्षानुवर्षं, आठवड्याला एक असं, दुसऱ्या कुणाच्या तरी अस्वलाचे हाल बघू दिले आणि प्रत्येक वेळी 'हा नाही' असं सांगून पुढच्या अस्वलासाठी जागा ठेवली. का? मला सांगता येत नाही. वय झालं की माणसाला स्वतःचा तरी उलगडा होतो असं मला वाटायचं. माझा गुंता वाढतच चालला आहे.

तीन वर्षांपूर्वी मी सांगायचंच म्हणून श्रीवर्धनला गेलो. तो थकला होता, दुकान बंद केलं होतं. त्याच्या बायकोने, झुलेखाभाभींनी, मी येणार म्हणून सुरमई आणली होती. हसनने जेवताना मोबाइल ताटाशेजारी ठेवला होता. लाइट गेली. पंखा थांबला, आणि त्या एकदम झालेल्या शांततेत तो म्हणाला, "शेट, तुना काय सांगायचां हय काय?"

त्याने असं का विचारलं असेल? माझ्या तोंडावर दिसलं असेल का? मी त्याच्याकडे पाहिलं. तो ताटाकडे बघत काटा काढत होता, सावकाश, फार सावकाश. मी म्हणालो, "सुरमई झकास झालीय."

"मग घे आनखी," तो म्हणाला, आणि आपल्या ताटातला तुकडा माझ्या ताटात ठेवला.

तो वारल्यानंतर महिन्याभराने मी शबनमला फोन केला. बोलता बोलता ती म्हणाली, "काका, मी कॉलेजात असताना अब्बांना सांगितलं होतं. झूमध्ये जन्मलेलं अस्वल असं कुणी नेऊन बर्फावर सोडत नाही, ते जगतच नाही तिथे. अब्बा रागावले नाहीत. म्हणाले, शेटनं सांगितलां ना? मग हय तिकडं."

"कसं म्हणाले?" मी विचारलं. "म्हणजे, हसून का..."

"आता कसं सांगू, काका? म्हणाले."

म्हणजे काय समजायचं? त्याचा माझ्यावर इतका विश्वास होता? का त्याला सगळं कळलं होतं आणि तो मला सांभाळून घेत होता? कळलं असेल तर ते व्हिडिओ कशासाठी? प्रत्येक वेळी 'हा तर नाय ना' विचारून तो मला दार उघडून देत होता का, की ये, आता तरी ये? का त्याला खरंच काळजी होती... मी रात्रंदिवस दोन्ही बाजूंनी विचार करतो. एका बाजूने पाहिलं तर मी एका साध्या माणसाला छळलं. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर एक साधा माणूस माझी वाट बघत बसला आणि मी गेलो नाही. दुसरी बाजू मला जास्त जड जाते.

त्याचा शेवटचा व्हिडिओ तो गेला त्याच्या आदल्या दिवशीचा आहे. काळे गोटे असलेला किनारा, बर्फाचा मागमूस नाही, एक अस्वल पुढच्या पायांवर डोकं ठेवून पडलंय. दाराच्या फटीशी पडलेल्या खोतासारखं, पण हे हसनने कधी पाहिलं नव्हतं, ते मी पाहिलं होतं. कान दिसत नाही, पलीकडे वळलेला आहे. खाली आवाज : "शेट, हा तरी नाय ना? नीट बघून सांग." मी दुपारचा आडवा झालो होतो. मनात म्हटलं, उद्या बघू.

काल इथे धूळ आली. अशा दिवशी मी संध्याकाळी कानटोपी घालतो, धूळ कानात जाऊ नये म्हणून, आणि बाल्कनीतल्या एसीचं बाहेरचं युनिट पाइप लावून धुतो. मुलगा वैतागतो, "बाबा, त्याला कंपनीचा माणूस येतो ना, उद्या करेल." मी ऐकत नाही. त्या ईदपासून धुळीच्या दिवशी दुसऱ्यावर टाकत नाही. जाळीतून आधी लाल पाणी येतं, मग मातकट, मग स्वच्छ. काल ते झाल्यावर ओल्या हातानेच मोबाइल घेतला. हसनचं नाव अजून वरच आहे, मी खाली जाऊ देत नाही. त्याचा फोन शबनमच्या कपाटात बंद पडून आहे हे मला ठाऊक आहे. तरी माइकचं बटण दाबलं. "हसन, नीट बघितला. हा खोत नाही," इथपर्यंत नेहमीच्या सवयीने बोलून झालं. पुढे म्हणालो, "खोत गेला..." आणि तो विचारेल म्हणून थांबलो.